एकाच कारखान्यात दोन मीटर का?

इचलकरंजीत मी हिशेबाचं काम करतो. जीएसटी, इन्कम टॅक्स, बँकेत द्यायचे प्रोजेक्ट रिपोर्ट. माझ्याकडे येणाऱ्या फायलींपैकी निम्म्याहून जास्त यंत्रमागवाल्यांच्या. आमच्याकडे पत्र्याच्या ज्या शेडमध्ये माग चालतात तिला शेड कुणी म्हणत नाही, कारखाना म्हणतात. आणि बारा माग असले तरी मालक कारखानदारच असतो.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून भाचा आला होता. अर्थशास्त्र शिकतो. त्याला एका अण्णांच्या कारखान्यात घेऊन गेलो. आत पाऊल टाकलं की बोलणं थांबतं. मागांच्या खडखडाटात माणसं खुणांनीच बोलतात. पाच मिनिटांत भुवयांवर सुताचे बारीक तंतू साचतात. अण्णांचे ४८ माग आहेत, पण मधोमध एक विटांची भिंत आहे, गिलावा न केलेली. अलीकडे २४ माग, पलीकडे २४. दोन दारं, विजेचे दोन मीटर. एक अण्णांच्या नावावर, दुसरा वहिनींच्या. कांड्या, म्हणजे मागाच्या धोट्यातल्या सुताच्या नळ्या, भरणारी बाई टोपली घेऊन बाहेरच्या उन्हातून वळसा घालून पलीकडे जात होती. थोड्या वेळाने परत आली, पुन्हा गेली.

बाहेर आल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, ही भिंत कशाला?"

महाराष्ट्रात यंत्रमागाला सवलतीच्या दराने वीज मिळते, आणि त्या सवलतीत एक रेघ आहे २७ हॉर्सपॉवरची, म्हणजे साधारण २० किलोवॅटची. साध्या मागाला सुमारे एक हॉर्सपॉवरची मोटर लागते. म्हणजे २४ माग आणि वर दिवे-पंखे, एवढं रेघेच्या आत बसतं. रेघ ओलांडली की वीजदराचा गट बदलतो, मागणी आकार (युनिटांखेरीजचा वेगळा आकार) लागतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने जादा सवलत जाहीर केली तीही याच रेघेने विभागलेली: २७ हॉर्सपॉवरच्या आत युनिटमागे १ रुपया, त्याच्या वर ७५ पैसे. चोवीस माग दोन पाळ्यांत चालले तर महिन्याला नऊ-दहा हजार युनिट जळतात. मजुरीने कापड विणणाऱ्याची कमाई पैशांत मोजली जाते, प्रतिपिक (पिक म्हणजे कापडातला आडवा धागा) अमुक पैसे. त्याला पंचवीस पैशांची किंमत कुणी शिकवावी लागत नाही.

म्हणून भिंत. अण्णांना वाढायचं नव्हतं असं अजिबात नाही. चोवीसचे अठ्ठेचाळीस त्यांनीच केले. फक्त एक मोठा कारखाना होण्याऐवजी दोन छोटे झाले. आता त्यांना एअरजेट, म्हणजे हवेच्या झोताने धागा फेकणारे, माग घ्यायचे आहेत, तर त्यांची लांबी-रुंदी, कॉम्प्रेसर, पाया यांचं गणित त्या भिंतीपाशी येऊन अडतं.

भाच्याच्या अभ्यासक्रमात या विषयाचं नाव मोठं आहे: विकसनशील देशांतल्या संस्था, सरकारी धोरणं आणि उद्योजकता. मला तो विषय त्या भिंतीत दिसतो. तो जमेल तितका सोपा करून सांगतो, आणि माझा धंदा कापडाच्या गावातला असल्यामुळे उदाहरणंही कापडाचीच घेतो.

'संस्था' म्हणजे काय

मराठीत संस्था म्हटलं की डोळ्यासमोर शिक्षणसंस्था, पतसंस्था, सेवा सोसायटी येते. अर्थशास्त्रज्ञ हा शब्द वापरतात तेव्हा त्यांना इमारत आणि बोर्ड अभिप्रेत नसतो. डग्लस नॉर्थ यांना १९९३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी संस्थांना खेळाचे नियम म्हटलं. काही नियम लिहिलेले असतात: कायदे, कर, परवाने, मालकीहक्क, कोर्टाची रीत. काही कुठेही लिहिलेले नसतात, पण सगळ्यांना पाठ असतात: उधारी किती दिवसांची चालते, कुणाच्या शब्दावर सूत मिळतं, कुणाविरुद्ध तक्रार करायची नसते. २०२४ चं नोबेलही संस्था आणि देशांची भरभराट यांच्या नात्यावर काम करणाऱ्या तिघांना मिळालं, डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना. म्हणजे हा विषय कोपऱ्यातला राहिलेला नाही.

आपल्याकडे नेहमी ऐकू येतं की मराठी माणसात धंद्याची वृत्ती नाही, अमक्या समाजात आहे, तमक्या देशात आहे. मला हे बोलणं पटत नाही. गरीब देशात धंदा करणारी माणसं कमी नसतात, उलट जास्त असतात. नोकरीच नसते, म्हणून माणूस वडापावची गाडी लावतो, दोन शिलाई मशिनं टाकतो, चार माग भाड्याने घेतो. अडचण पुढे असते: चाराचे चाळीस, चाळीसचे चारशे होत नाहीत. ते का होत नाहीत हे समजायला माणसाच्या स्वभावात नाही, त्याच्याभोवतीच्या नियमांत बघावं लागतं.

लिमातली दोन शिलाई मशिनं

पेरू देशातला एक प्रयोग मला कायम आठवतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एर्नान्दो दे सोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजधानी लिमाच्या कडेच्या वस्तीत एक छोटा शिवणकामाचा कारखाना सुरू करायचं ठरवलं. माल विकून पैसे मिळवणं हा हेतू नव्हताच. हा कारखाना सगळे नियम पाळून, सगळे कागद काढून कायदेशीर करायला किती दिवस लागतात हे त्यांना मोजायचं होतं. सहकारी रोज कचेऱ्यांच्या रांगेत उभे राहायचे. वाटेत दहा वेळा त्यांच्याकडे लाच मागितली गेली. शक्यतो द्यायची नाही असं ठरलेलं होतं, तरी दोनदा द्यावी लागली, कारण त्याशिवाय काम पुढे सरकतच नव्हतं. सगळे कागद हातात यायला २८९ दिवस लागले. खर्च आला तिथल्या किमान मासिक वेतनाच्या तिसाहून अधिक पट.

आता त्या वस्तीतली खरीखुरी बाई डोळ्यासमोर आणा, जिच्याकडे दोन मशिनं आहेत आणि संध्याकाळी चूल पेटवायची आहे. ती २८९ दिवस रांगेत उभी राहील का? ती घरातच, दार लोटून शिवेल. पण तिच्याकडे परवाना नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. कर्ज नाही, म्हणून सावकार. पावती नाही, म्हणून मोठा गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईकाने पैसे बुडवले तर कोर्टात जाता येत नाही, कारण कायद्याच्या लेखी तिचा धंदा अस्तित्वातच नाही. आणि धंदा वाढला तर रस्त्यावरून दिसेल, म्हणून ती तो वाढू देत नाही. कुणी तिला अडवलेलं नाही, दंडही केलेला नाही. तरी नियमांनी तिचा धंदा दोन मशिनांवर थांबवून ठेवला.

जगभरातल्या सरकारांनी नोंदणी सोपी करायचं काम त्यानंतर मनावर घेतलं. आपल्याकडेही १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू झाली: आधार क्रमांकावर, घरबसल्या, फुकट. मी स्वतः अशा कितीतरी नोंदण्या करून दिल्या आहेत, चहा संपायच्या आत होतात. हे चांगलं झालं, आणि ते मोकळ्या मनाने म्हटलं पाहिजे. पण नोंदणी हे धंद्याचं दार आहे. आत गेल्यावर काय वाट्याला येतं, त्यावर बाकी सगळं ठरतं.

हुशारी कुठे खर्च होते

विल्यम बॉमोल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये एक मुद्दा मांडला होता. उद्योजकी डोकी प्रत्येक समाजात असतात, पण ती डोकी कशात चालवायची हे त्या समाजातली बक्षिसं ठरवतात. चांगला माल काढणाऱ्याला पैसा मिळत असेल तर हुशार माणूस माल सुधारतो. परवाना मिळवणाऱ्याला पैसा मिळत असेल तर तोच माणूस, तेवढ्याच हुशारीने, परवाना मिळवण्यात आयुष्य घालवतो.

आपल्या वडीलधाऱ्यांनी हे पाहिलेलं आहे. १९५१ च्या औद्योगिक कायद्यानंतर १९९१ पर्यंत मोठ्या उद्योगांना कुठे कारखाना काढायचा आणि किती माल काढायचा यासाठी सरकारचा परवाना लागायचा. पुण्यात बनणाऱ्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. घेणारा आहे, बनवणारा आहे, पैसे तयार आहेत, आणि स्कूटर नाही. त्या काळात दिल्लीत ओळख असणं हे उत्तम इंजिनिअर हाताशी असण्यापेक्षा जास्त मोलाचं होतं.

परवाना राजबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण माझ्या मते कापडाच्या धंद्याचं त्याहून मोठं नुकसान दुसऱ्या एका धोरणाने केलं, ज्याचा हेतू शंभर टक्के चांगला होता.

१९६७ मध्ये सरकारने ४७ वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव केल्या. मोठ्यांनी त्या बनवायच्या नाहीत, म्हणजे छोट्यांना संरक्षण मिळेल, रोजगार वाढेल. यादी वाढत वाढत आठशेच्या पलीकडे गेली. तयार कपडे त्या यादीत होते. आणि लघु कुणाला म्हणायचं? ज्याच्या यंत्रसामग्रीतली गुंतवणूक ठरावीक रकमेच्या आत आहे त्याला. १९८५ मध्ये ती रक्कम होती ३५ लाख, १९९१ मध्ये ६० लाख.

म्हणजे शर्ट शिवणाऱ्याचा धंदा चांगला चालला, त्याने नवी मशिनं घेतली आणि मर्यादा ओलांडली, की तो आपल्याच धंद्यातून बाद. निर्यातीचं बंधन स्वीकारणाऱ्या मोठ्यांना सूट होती, पण मग घरच्या बाजारात पाय पसरता येत नव्हते. तर लोकांनी काय केलं? अण्णांनी भिंत बांधली तेच. भावाच्या नावाने दुसरी कंपनी, बायकोच्या नावाने तिसरी, एकाच गल्लीत चार पाट्या. परदेशातला मोठा खरेदीदार एका रंगाचे, एका मापाचे एक लाख शर्ट मागतो तेव्हा चार पाट्यांमधून चार जातीची कॉलर येते.

आणि ढाक्यात काय चाललं होतं

याच काळात शेजारी बांगलादेशात निराळं घडत होतं. १९७१ मध्ये जन्मलेला, युद्धाने आणि लगेच दुष्काळाने मोडलेला देश. तिथे निर्यातीसाठी कपडे शिवणं जवळपास शून्य होतं.

१९७४ पासून जगाच्या कापड व्यापारावर मल्टिफायबर करार लागू होता. श्रीमंत देश मोठ्या निर्यातदार देशांना किती माल पाठवायचा याचा कोटा ठरवून देत. कोरियाचा कोटा भरत आला होता, म्हणून कोरियाची देवू कंपनी जिथे कोटा लागत नाही अशी जागा शोधत होती. बांगलादेशात नुरुल कादर नावाचे माजी सनदी अधिकारी 'देश गारमेंट्स' काढत होते. दोघांचा करार झाला. १९७९ मध्ये 'देश'ची सुमारे १३० माणसं कोरियाच्या बुसान शहरात सहा महिने राहून काम शिकली: कापड कसं बेततात, शिलाईची ओळ कशी लावतात, परदेशी खरेदीदाराशी कसं बोलतात, दर कसा काढतात. परत आलेल्यांपैकी बहुतेकांनी पुढच्या काही वर्षांत नोकरी सोडली आणि स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. एका कंपनीच्या प्रशिक्षणातून एका देशाचा उद्योग पसरला.

पण नुसतं शिकून भागलं नसतं. अशी शिकून आलेली माणसं आपल्याकडेही होती. फरक पाडला तो दोन कागदी सोयींनी. दिसायला त्या रूक्ष आहेत, पण मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

पहिली सोय बाँडेड गोदामाची. बांगलादेशात निर्यातीच्या शर्टाला लागणारं कापड बनत नव्हतं, ते बाहेरून आणावं लागे. त्यावर आयात शुल्क भरायचं, मग शर्ट विकायचा, मग परतावा मागत बसायचं, यात छोट्या कारखानदाराचं भांडवलच आटतं. तर नियम असा केला: कापड थेट कारखान्याच्या गोदामात येऊ द्या, कस्टम्सने त्यावर नजर ठेवावी. ते कापड शर्ट होऊन देशाबाहेर गेलं तर शुल्क नाही. देशातल्या देशात विकलं तर मात्र भरा.

दुसरी सोय त्याहून मोठी. तिला बॅक-टू-बॅक एलसी म्हणतात. समजा, न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने ढाक्याच्या नवख्या कारखानदाराला दहा हजार शर्टांची ऑर्डर दिली. व्यापाऱ्याची बँक हमीपत्र देते की माल पोचला की पैसे देऊ. हे हमीपत्र म्हणजे एलसी. कारखानदाराकडे कापड घ्यायला पैसे नाहीत, गहाण ठेवायला जमीन नाही. तो ते हमीपत्रच ढाक्याच्या बँकेत ठेवतो. त्या जोरावर बँक कोरियातल्या कापडवाल्याच्या नावे दुसरं हमीपत्र काढून देते. कापड येतं, शर्ट शिवले जातात, जहाजावर चढतात, न्यूयॉर्कचे पैसे बँकेत येतात. बँक आधी कापडवाल्याचे फेडते, उरलेले कारखानदाराला देते. त्याला शिलाई मशिनं, भाड्याची जागा आणि पगार एवढीच सोय स्वतः करावी लागते.

हिशेबाच्या माणसाला यातली गंमत लगेच कळते. आपल्याकडे बँकेत गेलं की पहिला प्रश्न असतो, "तारण काय?" अण्णांचं राहतं घर, कारखान्याची जागा, गावाकडचं शेत, सगळ्यावर बोजा आहे. ज्याच्याकडे वडिलोपार्जित जागा नाही, तो कितीही चांगला विणकर असो, खर्चीवालाच राहतो. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, याने फक्त मजुरी घ्यायची. ढाक्यात मात्र हातातली ऑर्डर हेच तारण झालं. त्यामुळे जमीन नसलेला माणूस, निवृत्त अधिकारी, मास्तरचा मुलगा, असे लोक कारखानदार होऊ शकले.

आज बांगलादेश तयार कपड्यांची वर्षाला ३५ अब्ज डॉलरहून जास्त निर्यात करतो. देशाच्या एकूण निर्यातीत कपड्यांचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. सुमारे ४० लाख माणसं या कारखान्यांत काम करतात, त्यात बायका बहुसंख्य. घरात कापूस, सूत, कापड सगळं असलेल्या भारताची तयार कपड्यांची निर्यात १५-१६ अब्ज डॉलरच्या आसपास घोटाळते. याला एकच कारण नाही हे मला मान्य आहे. तिथली मजुरी कमी आहे. अतिअविकसित देश म्हणून युरोपने २००१ पासून त्यांना शुल्काशिवाय दार उघडून दिलं. आपल्या कारखानदाराला घरचाच बाजार मोठा आहे. तरीही सुरुवातीच्या वीस वर्षांत एक सरकार कारखानदाराला मोठा व्हायला मदत करत होतं आणि दुसरं त्याला मोठं झाल्याची शिक्षा देत होतं, हा फरक साधा नव्हता. आपण तयार कपड्यांना राखीव यादीतून बाहेर काढलं २००० च्या वस्त्रोद्योग धोरणात, होजिअरीला आणखी काही वर्षं लागली. यादीतल्या शेवटच्या वीस वस्तू मोकळ्या झाल्या त्या एप्रिल २०१५ मध्ये. आरक्षण उठल्यावर छोटे बुडतील आणि रोजगार जाईल ही भीती होती. नंतरच्या अभ्यासात उलट दिसलं: ज्या भागांत राखीव वस्तूंचे उद्योग जास्त होते, तिथे रोजगार वाढला.

इथेच थांबलो तर मात्र लेख खोटा होईल.

२४ एप्रिल २०१३. ढाक्याजवळ साभार इथली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना मोठ्या भेगा दिसल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावलं गेलं. १,१३४ माणसं मेली. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले होते.

मी हे वाचलं तेव्हा टोपली घेऊन उन्हातून वळसा घालणारी आमच्याकडची बाई डोळ्यासमोर आली होती. गोदामाचा नियम होता, एलसीचा नियम होता. बांधकाम तपासणारा माणूस नव्हता, आणि असला तरी त्याचं कुणी ऐकत नव्हतं. कारखानदार श्रीमंत झाले, त्यातले बरेच संसदेत गेले, आणि नियम करणारे व नियम ज्यांच्यावर लागू करायचे ते यांच्यातलं अंतर संपलं. कामगारांना बोलायला संघटना नव्हती. कारखाने सुरू करणं सोपं करताना कामगाराच्या जिवाची काळजी घेणारा नियम पांगळा ठेवला, त्याची ही किंमत. या दुर्घटनेनंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बंधनकारक करार झाला, स्वतंत्र अभियंत्यांनी कारखाने तपासले, दुरुस्त्या झाल्या. ते काम आधी होऊ शकलं असतं. धंद्याला मोकळीक द्या असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने, आणि मी त्यातलाच एक आहे, साभारची तारीख लक्षात ठेवली पाहिजे.

परत आमच्या गावात

इचलकरंजी मुळात उभी राहिली तीही एका धोरणामुळेच. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला. त्यांच्या पाठीशी इथले जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे होते. राज्यकर्त्याने धंदेवाल्याला जागा दिली, उत्तेजन दिलं, म्हणून पंचगंगेकाठचं हे छोटं गाव कापडाचं शहर झालं.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात सरकारने मोठ्या गिरण्यांना माग वाढवायला बंदी केली, कर जास्त लावला. हेतू हातमाग वाचवण्याचा होता. हातमागाच्या वाट्याला त्यातून फारसं काही आलं नाही. मधली जागा यंत्रमागाने घेतली. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव वाढली त्याला हे एक मोठं कारण. पण वाढली ती आडवी. कारखान्यांची संख्या वाढली, एकेक कारखाना वाढला नाही. गिरणीतून भंगारात निघालेले माग आणून लोकांनी पन्नास पन्नास वर्षं चालवले. कायद्याने दिलेली जागा छोट्याचीच होती आणि छोट्याला नवं यंत्र परवडत नव्हतं.

धोरणं बदलली, पण रेघा मारायची सवय गेली नाही. जुन्या फॅक्टरी कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार ही रेघ. औद्योगिक विवाद कायद्यात १०० कामगारांची रेघ, त्यापुढे कारखाना बंद करायलाही सरकारची परवानगी. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती ३०० वर नेली. यातले बरेच नियम कामगाराच्या रक्षणासाठी आहेत आणि असायलाच हवेत. माझं म्हणणं रेघेच्या आकाराबद्दल आहे. नियम पायरीसारखा केला, की एका पायरीवर सगळं आणि पुढच्या पायरीवर काहीच नाही, तर माणूस पायरीच्या खालीच थांबतो. तोच नियम उतारासारखा केला, सवलत हळूहळू कमी होत गेली, तर भिंत बांधायचं कारण उरत नाही. हे सरकारला जमत नाही असंही नाही. उद्यमच्या वर्गवारीत ऑक्टोबर २०२२ पासून अशीच सोय आहे: धंदा वाढून वरच्या गटात गेला तरी आधीच्या गटाचे, कर सोडून इतर, लाभ तीन वर्षं चालू राहतात. एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगाची मर्यादाही वाढली, यंत्रसामग्रीत २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटी. वीजदराच्या रेघेलाही असा उतार करता येईल.

जीएसटीचाही एक अनुभव सांगतो, थोडक्यात. १ जुलै २०१७ नंतर कृत्रिम धाग्याचं सूत घेताना आधी १८ आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून १२ टक्के कर भरायचा आणि कापड विकताना ५ टक्के घ्यायचा. मधला फरक सरकारदरबारी अडकून. कापडाला त्याचा परतावा मिळायला लागला तो १ ऑगस्ट २०१८ पासून. सूत आणि कापड यांचे दर एका पातळीवर आले सप्टेंबर २०२५ मध्ये. परतावा हातात येईपर्यंत कोष्टकातल्या दोन आकड्यांनी छोट्या विणकराचं खेळतं भांडवल खाल्लं, आणि त्याला वाटत राहिलं की आपल्यालाच धंदा जमत नाही.

पंचेचाळीस दिवस

शेवटचा विषय उधारीचा. धंद्यात माणसं कशाने बुडतात असं मला कुणी विचारलं तर मी तोटा म्हणणार नाही. मी म्हणेन, येणं बाकी.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज. तक्रार ऐकायला प्रत्येक राज्यात परिषद आहे. २०१७ मध्ये 'समाधान' पोर्टल सुरू झालं, तेव्हापासून घरबसल्या अर्ज करता येतो.

इतका चांगला कायदा असून बाजारात मुदत चालते ती नव्वद दिवसांची, एकशेवीसची. इथे लिहिलेला नियम आणि न लिहिलेला नियम समोरासमोर येतात, आणि जिंकतो न लिहिलेला. तो असा: ज्याच्याकडून ऑर्डर घ्यायची आहे त्याच्याविरुद्ध तक्रार करायची नाही.

२०२३ च्या अर्थसंकल्पाने वेगळी युक्ती केली. आयकर कायद्यात ४३ बी कलमात 'एच' हे पोटकलम घातलं. आता मुदत उलटली आणि वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर तो खर्च घेणाऱ्याला त्या वर्षी करातून वजा करून मिळत नाही. विक्रेत्याने तक्रार करायची गरजच नाही, घेणाऱ्याचाच कर वाढतो. २०२४ चे फेब्रुवारी-मार्च मला चांगले आठवतात. वर्षानुवर्षं न फिटलेली बिलं फिटत होती, माझ्या ऑफिसात लोक पेढे घेऊन येत होते. त्याच वेळी काही घेणारे सांगत होते, उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर माल दुसरीकडून घेऊ. काहींनी खरोखर रद्द केली. त्यासाठी लागणारा अर्ज मीच भरून दिला, आणि तेव्हा हात जड झाला होता.

अण्णांचं येणं त्या मोसमातही आलं नाही. एका व्यापाऱ्याकडे साडेसहा लाख, चौदा महिने झाले. मागच्या आठवड्यात ते आले, खुर्चीत बसले, म्हणाले, "तो अर्ज भर बघू." मी पोर्टल उघडलं. बिलांचे नंबर टाकले, तारखा टाकल्या, ई-वे बिलं जोडली. व्याजाची रक्कम बघून ते बराच वेळ गप्प बसले. इतकं आपलं निघतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

फक्त पाठवायचं बाकी असताना त्यांचा फोन वाजला. त्याच व्यापाऱ्याचा दिवाणजी होता. आठ बीम, म्हणजे विणायचं सूत गुंडाळलेले रूळ, पाठवतोय म्हणाला, उद्या सकाळी माणूस ठेवा.

अण्णांनी फोन खिशात ठेवला. "चोवीस माग उभे आहेत रे पलीकडचे," ते म्हणाले. "कामगारांना आठवड्याचा पगार द्यायचाय शनिवारी."

अर्ज मी सेव्ह करून ठेवला आहे.